खताचं पत्र

आमचे हे लष्करात होते तेव्हा महिन्याला एक पत्र यायचं. त्यात बैलांची चौकशी, बांधाचा वाद, उकिरड्यातलं खत कधी काढलं. माझ्याबद्दल अक्षर नाही. मी चुलीपुढे बसून रडायचे. पत्र सासरे मोठ्यानं वाचत, हे तेव्हा ध्यानातच आलं नाही.

परवा लेकीनं सेबास्तियँ जाप्रिझो या फ्रेंच लेखकाची 1991 सालची कादंबरी वाचून सांगितली. इंग्रजीत ‘अ व्हेरी लाँग एंगेजमेंट’. जानेवारी 1917, पहिलं महायुद्ध. स्वतःच्या हातावर गोळी झाडल्याच्या आरोपावरून पाच फ्रेंच सैनिकांना हात बांधून दोन सैन्यांमधल्या ओसाड पट्ट्यात ढकलतात. त्यातल्या एकाशी लग्न ठरलेली मातिल्द. लहानपणापासून पायांनी अधू, चाकाच्या खुर्चीतली. तो मेला हे ती मानत नाही. पत्रं लिहून, माणसं गाठून वर्षानुवर्षं माग काढते.

मला मात्र त्या पाचांतला शेतकरी जवळचा वाटला. बायकोला त्याचं शेवटचं पत्र जातं, तेही खताच्या व्यवहाराचं! शब्दांच्या मांडणीत निरोप दडलेला. ती बाई तो ओळखते आणि शेत सोडून मुलासह निघून जाते.

त्या युद्धात तिथली शेती बायकांनीच ओढली. ऑगस्ट 1914 मध्ये पंतप्रधान विव्हियानींनी त्यांनाच पिकं काढायची हाक दिली होती. मत द्यायला मात्र 1945 उजाडलं.

रात्री ट्रंकेतली पत्रं काढली. एकात लिहिलंय, ‘विहिरीवर अंधारात कुणाला एकटं पाठवू नका.’ विहिरीवर तर मीच जात असे.