पेटीवरचे नाव

रत्नागिरीच्या आमच्या बागेतला हापूस पूर्वी वाशीच्या बाजारात जायचा तो बिननावाचाच. भाव दलाल ठरवायचा. आमच्या हाती यायची फक्त पट्टी. तिथेच कर्नाटकचा आंबाही ‘हापूस’ म्हणून खपायचा.

अब्बांनी गिऱ्हाइकाला थेट पेट्या द्यायचे ठरवले, तेव्हा छपाईवाला म्हणाला, “चाचा, देवगड छापा. लवकर खपेल.” अब्बा म्हणाले, “आंबा रत्नागिरीचा आणि नाव देवगडचे? मग बरकत कुठून येणार?”

आंब्याची जाहिरात अवघड, कारण साका बाहेरून दिसत नाही. साल सोनेरी, वास घमघमीत आणि आत पांढरट, आंबूस गर! आंबा कापेपर्यंत गिऱ्हाइकाचा आधार एकच, विकणाऱ्याचा शब्द. म्हणून रंगीत खोक्यावर खर्च न करता आम्ही पेटीत चिठ्ठी ठेवू लागलो : गाव, आंबा उतरवल्याची तारीख, पिकेपर्यंत पेंढ्यातच ठेवा आणि साका निघाल्यास कळवा, बदली आंबा देऊ. ही चिठ्ठीच आमची जाहिरात ठरली. एका घरातून दुसऱ्या घरी नाव गेले.

२०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. नोंदणी केलेल्यालाच ते वापरता येते. नावाला कायद्याचे कुंपण मिळाले, हे चांगलेच झाले. पण मानांकन मुलूख सांगते, माणसाची नियत सांगत नाही. घाईने कोवळा आंबा उतरवणारा आपल्यातलाच असेल, तर कुंपण काय करणार? झेला आपल्याच हातात असतो.