दोन खांबांमधली जागा

लिफ्ट म्हटलं की आम्हां कचेरीत बसणाऱ्या लोकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. बंद दरवाजा, आणि त्यावर दोऱ्याने लटकवलेली 'चालू नाही' ही पाटी! मी सांगणार आहे ती लिफ्ट वेगळी. ती माणसांना नव्हे, मोटारींना उचलते. दोन लोखंडी खांब, प्रत्येक खांबाला दोन हात, आणि त्या चार हातांच्या तळव्यांवर दीड-दोन टनांची मोटार अधांतरी. गॅरेजवाले तिला 'टू पोस्ट' म्हणतात. हे दोन खांब नेमके कुठं रोवायचे, या एका प्रश्नावर मी गेल्या मे महिन्यात रजेचे चार दिवस खर्च केले. तेही गोव्यात नव्हे, तर बिदर जिल्ह्यात, औराद तालुक्यातल्या चिंताकी नावाच्या गावी.

आता बी.ए.ला मराठी घेतलेल्या कारकुनाचा आणि मोटारीच्या लिफ्टचा संबंध काय, असं कुणीही विचारील. संबंध आहे तो आमच्या मेस्ताचा. आमच्या वाड्यावरच्या एका गॅरेजात तो चौदा वर्षं राबला. माझी जुनी अल्टो त्यानेच जिवंत ठेवली. घाट उतरून आलेल्या माणसाला आपल्याकडे सरसकट 'घांटी' म्हणून मोकळे होतात. हा घांटी घरी आईशी फोनवर मराठी बोलतो, याचं मात्र पुष्कळांना नवल वाटे. नवल वाटण्यासारखं त्यात काही नाही. औराद, भालकी हा सगळा मुलूख निजामाच्या हैद्राबाद संस्थानातला. १९४८च्या सप्टेंबरात तो मोकळा झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार रचनेत म्हैसूर राज्यात गेला. पलीकडे उदगीर, देगलूर महाराष्ट्रात राहिले. रेघ गेली ती सोयऱ्यांच्या मधून. १९६७चा जनमत कौल ज्यांच्या घरात अजून वाद घालतो, त्या आम्हां गोंयकारांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

चौदा वर्षांची शिल्लक घेऊन मेस्त गावी परतला आणि घरालगतच गॅरेज घालायचं त्यानं ठरवलं. शहरातला गाळा परवडण्यासारखा नव्हता. पण लिफ्ट मात्र हवीच, यावर तो अडून बसला. त्याला कारण होतं. त्याला हाताखाली घेऊन धंदा शिकवणारा थोरला मेस्त एकदा जॅकवर चढवलेल्या गाडीखाली होता आणि जॅक कलला. जीव वाचला, पाय गेला. त्या दिवसापासून आमचा मेस्त नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालत नसे. घोडे लावल्याशिवाय नाहीच. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी खड्डा असतो, पण जूनपासून त्यात गाडीऐवजी बेडूक सर्व्हिसिंगला येतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

लिफ्ट आली, खोक्यात पुस्तक आलं, आणि पुस्तक इंग्रजीत! मेस्ताचा फोन आला, "साहेब, हे वाचून मराठीत सांगाल का? अंदाजानं रोवायचं नाही मला." फोटोवरून चार पानं सांगितली, मग म्हटलं, प्रत्यक्षच जावं. मानकुरादची एक पेटी घेतली आणि निघालो. कलबुर्गीपासून पुढं २०१७ साली सुरू झालेल्या रेल्वेमार्गानं बिदर गाठलं.

बिदर बघून मला क्षणभर घरी आल्यासारखं झालं. मातीचा तोच तांबडा रंग, तोच भोकाभोकांचा जांभा. आपला चिराच की हो! किल्ल्याच्या भिंतीही त्याच दगडाच्या. महमूद गावानचा प्रसिद्ध मदरसा इथं १४७२चा, आणि ह्याच गावाननं त्याच सुमारास विजयनगरकडून गोवा जिंकून बहमनी राज्याला जोडला होता. म्हणजे बिदरहून गोव्यात माणसं येण्याची वहिवाट जुनीच, फक्त आता ती पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन येतात. पण औरादच्या बाजूला वळलात की तांबडा रंग सरतो आणि काळी रानं सुरू होतात. आणि आमच्या गोष्टीतली खरी अडचण ही काळी मातीच होती.

जागा म्हणजे जुना बैलांचा गोठा. आत चौदा फूट रुंद, बावीस फूट लांब. माळवदाच्या घराला टेकून, वर पत्रे. पत्र्याचा उतार मागच्या भिंतीकडे. दाराशी उंची तेरा फूट, मागे अकरा. खाली छान घोटलेली शहाबादी फरशी. कलबुर्गी जिल्ह्यातलं शहाबाद तिथून फार लांब नाही, त्यामुळे ही फरशी तिकडे घरोघर. मेस्ताच्या वडिलांना, म्हणजे आबांना, त्या फरशीचा अभिमान. कारहुणवीला बैल धुऊन, रंगवून इथंच बांधत. आता बैल नाहीत, ट्रॅक्टर भाड्यानं येतो. पण फरशी उखडायची म्हटल्यावर आबा उठून बाहेर गेले ते संध्याकाळपर्यंत परतले नाहीत.

फरशी उखडणं मात्र भाग होतं. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गाडीचं ओझं खांबांच्या मध्ये, हातांच्या टोकाला असतं. त्यामुळे दोन्ही खांब आतल्या बाजूला, एकमेकांकडे, कलू पाहतात. त्यांना धरून ठेवतात ते पायाच्या पट्टीतले बोल्ट, आणि त्यांतही बाहेरच्या बाजूचे. ते वर उपटले जाऊ पाहतात. म्हणजे खांबाचा सगळा भरवसा वर दिसणाऱ्या लोखंडावर नाही, खालच्या काँक्रीटवर. सुट्या फरशीत बोल्ट मारणं म्हणजे भाकरीत खिळा मारणं. त्यात खाली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. वरचा पातळ कोबा ती सहज उचलून फोडते. एक खांब बोटभर उचलला गेला तर वरच्या गाडीचं काय होईल?

म्हणून मी पोचण्याआधी, मार्चमध्येच, मेस्तानं दोन-अडीच फूट काळी माती काढून टाकली होती. मुरूम भरला, पाणी मारून थराथरानं धुमसला आणि वर सळयांची जाळी घालून आठ इंचांचा स्लॅब ओतला, दोन्ही खांबांखाली सलग, मध्ये सांधा न ठेवता. पुस्तकात याहून कमी जाडी चालेल असं होतं, पण मातीला पुस्तक वाचता येत नाही, हे त्याचं मत. मला पटलं.

पुढं अठ्ठावीस दिवस पाणी. मार्च-एप्रिलचे दिवस, विहिरीनं तळ दाखवलेला. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तोच हा पट्टा. आबा म्हणत, "म्हशीला मोजून पाणी अन् सिमेंटला घागरीनं?" उत्तर देण्यासारखं काही नव्हतंच. मेस्ताच्या बायकोनं मार्ग काढला. आळी करून पाणी साठवण्याऐवजी बारदानं भिजवून अंथरली आणि वर प्लास्टिक टाकलं. दिवसाला चार-पाच घागरींत भागलं. त्या घागरीही तिनंच वाहिल्या. अशी माणसं गॅरेजच्या पाटीवर कधी येत नाहीत.

मी पोचलो तेव्हा स्लॅब तयार, खांब भिंतीला आडवे, आणि वाद उभा होता. लिफ्ट पोचवायला आलेला माणूस सांगून गेला होता, "बरोब्बर मध्ये रोवा." चौदा फुटांच्या मध्ये, बावीस फुटांच्या मध्ये. ऐकायला किती सोपं! आम्ही पुस्तक उघडून बसलो.

पहिलाच शब्द अडला. असिमेट्रिक. 'विषमांग' म्हणावं की 'असममित'? मेस्त म्हणाला, "वाकडी म्हणा की." म्हटलं, ठीक, वाकडी. या वाकड्या लिफ्टचे खांब समोरासमोर तोंड करून उभे नसतात, थोडे तिरपे वळवलेले असतात. पुढचे हात आखूड, मागचे लांब. गाडी खांबांच्या मध्यावर न थांबता मागे सरकून उभी राहते, साधारण तीस टक्के पुढे आणि सत्तर टक्के मागे. इंजिन पुढे असल्यानं जड भाग खांबांजवळच येतो, आणि दार उघडताना ते खांबावर आपटत नाही. 'सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी'साठी मी गुरुत्वमध्य म्हणालो. मेस्ताच्या चुलत्यानं सुचवलं 'तोल'. चार तळव्यांच्या आत तोल आला पाहिजे. हे वाक्य मी तसंच वहीत लिहून घेतलं.

मग हिशेब. तालुक्यात बोलेरो पुष्कळ, म्हणून ती धरली आणि मोठी म्हणून क्रिस्टा. बोलेरोची लांबी ३९९५ मिलिमीटर. (हा आकडा असा चार मीटरला पाच मिलिमीटर कमी का? तर २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना अबकारी करात सूट मिळाली, तेव्हापासून! मोटारीची शेपूट इंजिनिअर नव्हे, वित्त खातं कापतं. कारकुनाला यात थोडा आनंद होतोच.) क्रिस्टा ४७३५. म्हणजे खांबांच्या पुढे सुमारे १.४ मीटर आणि मागे ३.३. खांब बावीस फुटांच्या मध्यावर रोवले असते तर क्रिस्टाचा मागचा बंपर शटरला चिकटला असता. शटर ओढणंही कठीण. खांबांची रेघ मागच्या भिंतीपासून आठ फुटांवर घेतली तेव्हा पुढे तीन फूट, मागे तीन फूट मोकळे राहिले. बॉनेट उघडून माणूस उभा राहू शकेल इतपत.

आठ फुटांचा आणखी एक फायदा मेस्तानंच दाखवला, पुस्तकात तो नाही. गाडीचं तोंड भिंतीकडे, म्हणजे पत्रा जिथं बुटका तिथं बॉनेटही बुटकं. टप उंच तिथं पत्राही उंच. खांबांच्या रेघेवर पत्रा साधारण पावणेबारा फुटांवर येतो. बोलेरो सहा फूट दोन इंच उंच. चाकं पाच फूट उचलली की टप सव्वाअकरा फुटांच्या आत राहतो, वर जेमतेम सहा इंच. गाडीखाली मिळते ती साडेपाच फूट उंची, आणि मेस्त आहे पाच फूट चार. "उंच असतो तर धंदा बुडाला असता," तो म्हणाला. बारा फुटांच्या आसपास वरून तुळई जाणारी लिफ्ट त्यानं घेतलीच नव्हती. ही खालून पट्टीतून तार नेणारी, नऊ फुटांच्या खांबांची. पण मग वर थांबवणारं काही नाही. म्हणून खांबावर लाल रंगाचा पट्टा मारला. बोलेरो त्याच्या वर न्यायची नाही.

रुंदीचा प्रश्न मात्र दोन दिवस पुरला. लिफ्ट बाहेरून बाहेर अकरा फूट दोन इंच. मध्ये ठेवली तर दोन्ही बाजूंना सतरा इंच, म्हणजे धड कुठंच जाता येत नाही. मग पूर्वेच्या भिंतीकडे सरकवायची. मेस्ताला पार भिंतीला टेकवायची होती. पुस्तक म्हणे, बोल्ट आणि स्लॅबची कड यांत सहा इंच तरी हवेतच. कारण ओढ पडली की बोल्ट आपल्याभोवतीचा काँक्रीटचा शंकूच उपटतो, आणि कडेला तो शंकू अर्धाच असतो. आठ इंचांवर तडजोड झाली. पश्चिमेला सव्वादोन फूट वाट मिळाली.

आखणीला मात्र मी नुसता बघत बसलो. सुतळी, खडू, ओळंबा, गुण्या. दाराचा मध्य आणि लिफ्टचा मध्य आता वेगळे, त्यामुळे गाडीची रेघ आधी मारली, मग सहा-आठ-दहाच्या मापानं काटकोन काढला. बौधायनानं यज्ञवेदीसाठी दोरीनं हेच केलं होतं. मेस्ताला बौधायन ठाऊक नाही, दोरी ठाऊक आहे. चार कोपऱ्यांचे कर्ण दोनदा मोजले, एका सुतानं चुकले म्हणून सगळं पुसून पुन्हा. भोकं पाडल्यावर आतली भुकटी फुंकून, ब्रशनं साफ केली. भुकटी राहिली तर बोल्ट धरत नाही. खांब ओळंब्यात आणायला खाली पत्र्याच्या चकत्या सरकवल्या.

पहिली गाडी चढली ती गावातल्याच एकाची बोलेरो. आधी वीतभर उचलून दोन्ही बाजूंनी हलवून पाहिली, मग वर. खटक खटक करत कुलपं पडत गेली. सगळी गर्दी एक पाऊल मागे. आणि वीज गेली! गाडी कुलपांवर भक्कम बसली होती, पण खाली आणायची तर आधी किंचित वर उचलावी लागते, तेव्हाच कुलपं सुटतात. म्हणजे वीज येईपर्यंत बोलेरो आकाशात. रात्री नऊला वीज आली. तोवर अर्ध्या गावानं ती पाहिली. आबाही कंदील घेऊन आले, खाली उभे न राहता बाजूनं सगळ्या गाडीला फेरी घातली, आणि एका खांबावर हात ठेवून विचारलं, "ह्यो हालत न्हाई ना?" मेस्तानं हालत नाही म्हणून सांगितलं. "मग तिकडच्या भिंतीतली बैलाची खुंटी राहू दे," म्हणाले. खुंटी वाटेच्या बाजूला आहे. तिच्यावर आता नळीची भेंडोळी अडकवतात.

जाता जाता एक. मोटारी उचलणारी लिफ्ट पहिल्यांदा काढली ती अमेरिकेत मेम्फिसच्या पीटर लुनाटीनं, आणि पेटंट घेतलं १९२५ साली. कल्पना सुचली न्हाव्याच्या वर-खाली होणाऱ्या खुर्चीवरून. हे ऐकून गावातला न्हावी इतका खूश झाला की त्यानं माझी दाढी फुकट केली.

मी लिहिलेली मराठी पानं मेस्तानं शटरच्या आत चिकटवली आहेत. 'तोल चार तळव्यांच्या आत' हे सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत. बोल्ट पुन्हा आवळण्याची तारीख खडूनं खांबावर. त्याच्याकडे शिकाऊ म्हणून दोन पोरं आली आहेत, त्यांतल्या एकाचं शिक्षण कन्नडमधून झालंय. त्याच्यासाठी शाळेतल्या एका गुरुजींनी कन्नड पानं करायला घेतली आहेत. परवा त्यांचा फोन आला होता. 'वाकडी'ला कन्नडमध्ये काय म्हणावं, यावर अडलंय.