मोरीची तहान

दिवाळी अंकात लिहायचे तर सुवासावर लिहावे. उटण्याचा वास आहे, तळणाचा आहे, पहाटेच्या थंडीत मिसळलेला फटाक्यांच्या दारूचाही आहे. पण यंदा माझ्या डोक्यात दुसराच एक वास बसला आहे. सभ्य माणसे त्याचे नाव काढत नाहीत. तो आला की एकमेकांकडे पाहतात आणि खिडकी उघडतात. वाचकांनी फराळाचे ताट बाजूला ठेवून मग पुढे वाचावे, एवढीच विनंती.

आम्ही शनिवार पेठेतले. ओंकारेश्वर हाकेच्या अंतरावर. जुना वाडा पडला, त्याच जागी इमारत उभी राहिली आणि वाड्यातली भाडेकरू मंडळी एकावर एक रचली जावीत तशी तीन मजल्यांवर रचली गेली. आमची जागा पहिल्या मजल्यावर. तिच्या मागच्या अंगाला आईची खोली आणि खोलीला लागून एक लहानशी न्हाणी. माघात आई गेली. चैत्र सरता सरता त्या खोलीत वास येऊ लागला.

सुरुवातीला तो पाहुण्यासारखा आला. संध्याकाळी यायचा, सकाळी जायचा. मग मुक्कामच ठोकला. सौ.चे निदान असे की कपाटामागे उंदीर मेला आहे. कपाट हलवले. तिथे १९९८ सालची एक लग्नपत्रिका सापडली, उंदीर सापडला नाही. माझे निदान असे की वरच्या मजल्यावर काहीतरी नासले आहे. पुण्यात कोणत्याही आपत्तीचे मूळ वरच्या मजल्यावर असते, ही माझी जुनी श्रद्धा. वरच्यांनी मला घरात नेऊन सगळे दाखवले, वर चहा पाजला आणि जाताना विचारले, “तुमच्याकडे हल्ली कसला वास येतो हो?”

मग उपाय सुरू झाले. कापूर जाळला. धूप घातला. डांबराच्या गोळ्या टाकल्या. शेवटी फिनेलची आख्खी बाटली ओतली. त्याचा परिणाम असा झाला की पूर्वी एक वास होता, तिथे आता दोन झाले. लंडनमध्ये १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला असा वास सुटला की नदीकाठच्या पार्लमेंटात बसवेना. तेव्हा पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून लावले होते म्हणे. शेवटी पडद्यांनी भागेना, तेव्हा गटारे बांधण्याचा कायदा काही आठवड्यांत मंजूर झाला. मी अजून पडदे भिजवण्याच्या पायरीवर होतो.

अशात एका रविवारी अमेरिकेहून चिरंजिवांचा फोन आला. मुलांना सुट्टी लागली म्हणून त्यांनी एक मोटारहोम भाड्याने घेतले होते. मोटारहोम म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. स्वयंपाकघर, बिछाने, न्हाणी, संडास सगळे एका गाडीत. मला कौतुक वाटले. पण चिरंजिवांचा आवाज पडलेला.

“बाबा, गाडी छान आहे हो, पण आत वास मारतोय. मुलं नाक धरून जेवतात.”

“कसला?”

“कसा सांगू? नासक्या अंड्यासारखा.”

मी आईच्या खोलीच्या दाराकडे पाहिले. सात समुद्रांपलीकडे मुलगा, इकडे मी, आणि दोघांच्या घरात एकच वास!

तीन दिवसांनी पुन्हा फोन आला तो उत्साहाचा. मुक्कामाच्या तळावर एक म्हातारे गृहस्थ भेटले होते, त्यांनी वर्ग घेतला होता. अशा गाडीच्या पोटात दोन टाक्या असतात. एकीत अंघोळीचे नि भांड्यांचे पाणी, दुसरीत संडासाचे. आमच्या चिरंजिवांनी पाण्याची काटकसर केली होती. शेवटी रक्त पुण्याचे! थोड्या पाण्याने भागवले, आणि वर संडासाच्या टाकीची झडप उघडी ठेवली. त्यामुळे पातळ तेवढे वाहून गेले आणि घट्ट तेवढे तळाशी ढीग होऊन वाळत बसले. म्हाताऱ्यांनी सांगितले, झडप बंद ठेवा, टाकी बरीचशी भरली की एकदम सोडा, आणि रिकामी केल्यावर लगेच आत भरपूर पाणी घाला. दुसरी चूक छताच्या पंख्याची. पंखा आतली हवा बाहेर ओढतो, मग ती जागा भरायला हवा येते कुठून? संडासाचे भांडे उघडताक्षणी टाकीतून! आणि तिसरी चूक कोपऱ्यातल्या न्हाणीची. मुले तिथे अंघोळ करीतच नव्हती. तिच्या नळीच्या वळणातले पाणी वाळून गेले होते, आणि टाकीतल्या वायूला सरळ वाट मिळाली होती.

“तिथं नुसतं तांब्याभर पाणी ओतलं बाबा, आणि निम्मा वास गेला!”

तांब्याभर पाणी हे शब्द ऐकून मला काहीतरी आठवल्यासारखे झाले. पण काय, ते ध्यानात येईना.

दुसऱ्या दिवशी मी प्लंबरला बोलावले. तरुण मुलगा होता. खोलीत आला, एकदाच श्वास घेतला, आणि कपाटाकडे, खिडकीकडे, वरच्या मजल्याकडे न पाहता थेट न्हाणीत जाऊन उकिडवा बसला. जाळी उचलली, बॅटरी मारली.

“काका, इथं अंघोळ कोण करतं?”

“कोणी नाही. आईची न्हाणी होती. तीही अलीकडे मोठ्या न्हाणीतच करायची. तिथं गरम पाणी, बसायला स्टूल.”

“मग पाणी कोण घालत होतं?”

“कशाला घालायचं पाणी?”

तो हसला. “न्हाणी ट्रॅप कोरडा ठणठणीत झालाय, काका.” त्याने बादलीभर पाणी ओतले, हात पुसले आणि फक्त येण्याचे पैसे घेतले. दिवेलागणीपर्यंत वास नाहीसा झाला होता.

जाण्यापूर्वी मी त्याच्याकडून सगळे समजून घेतले. मोरीच्या जाळीखाली एक वाटीसारखे वळण असते. त्यात दोनेक इंच पाणी सदैव अडून राहते. घरातले पाणी त्यावरून पुढे जाते, पण गटारातला वायू त्या पाण्यातून उलटा येऊ शकत नाही. कुलूप नाही, झाकण नाही; नुसते पाणीच दार होऊन बसते. तेही वायूच्या दाबाने फुटू नये म्हणून एक उभा पाइप गच्चीच्या वर नेतात, आणि खालची दुर्गंधी कावळ्यांच्या हवाली करतात. या वळणाला भारतातल्या इंग्रजी बांधकामाच्या पुस्तकांतही ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात. इंग्रजीने आपल्याकडून उचललेल्या शब्दांत आपली न्हाणीही आहे, हे ऐकून ऊर भरून आला. संडासाच्या नळीला असे वळण देऊन पेटंट घेणारा अलेक्झांडर कमिंग हा लंडनमधला घड्याळजी, साल १७७५. तेव्हा इथे पेशवाई होती. घड्याळजीला हे सुचावे यात मला नवल वाटत नाही. थोडीशी वस्तू योग्य जागी अडवून धरणे हाच त्याचा धंदा.

रात्री अंथरुणावर पडलो आणि मग ते आठवले.

आई रोज रात्री निजण्यापूर्वी त्या न्हाणीत तांब्याभर पाणी ओतायची. देवापुढचा दिवा शांत झाला, औषधे झाली की भिंत धरत धरत जायची, पाणी ओतायची आणि यायची. आम्हाला वाटे, म्हातारपणचा एखादा नेम असेल. विचारले तर म्हणायची, “मोरीलाही तहान लागते रे.” आम्ही हसायचो. २०१५ साली पाऊस कमी झाला आणि पुण्याला दिवसाआड पाणी येऊ लागले, तेव्हा मात्र मी हसलो नाही. मी तिच्यावर ओरडलो. “प्यायला पाणी नाही आणि तू मोरीत काय ओततेस?” ती काही बोलली नाही. दुसऱ्या रात्री पाहिले तो उशाशी ठेवलेल्या तांब्यातले स्वतःच्या पिण्याचे पाणी तिने निम्मे ठेवून निम्मे मोरीत नेऊन ओतले. मी त्याला हट्ट म्हटले. ती माझ्या घराचे दार लावत होती.

तिला हे कोणी शिकवले होते, देव जाणे. पण वासाचा तिचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा होता. आमच्या वाड्यात मागल्या बोळाकडे टोपलीचे संडास होते. पहाटे बोळातल्या दारातून एक बाई यायची, टोपल्या उपसून बादलीत भरायची आणि ती बादली डोक्यावर घेऊन जायची. आम्ही पोरे नाक दाबून पळायचो, आणि त्यात आम्हाला गंमत वाटायची. दिवाळीला तिला फराळ मिळे, पण तो वरून टाकलेला. हात लागू नये ही खबरदारी घरातली थोर माणसे घेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पुराने आमची मागली भिंत आणि ते संडास एकदमच नेले. पुढे बांधले ते पाण्याचे. ती बाई पुन्हा दिसली नाही. आई मात्र कितीतरी वर्षे तिचे नाव घेऊन विचारायची, “तिचं काय झालं असेल रे?” आईला तिचे नाव ठाऊक होते. मला आठवत नाही.

त्याच काळात कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांसारखा ब्राह्मण घरातला, शिकलेला माणूस स्वतः मैला उचलत होता आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून बिनवासाचे संडास नि सोनखत लोकांना शिकवत होता. आम्ही त्यांना थोर म्हणत होतो आणि नाक दाबून पळत होतो. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध कायदा व्हायला १९९३ साल उजाडले. २०१३ साली तो आणखी कडक झाला. तरीही मैलाटाकीत किंवा गटारात उतरलेला माणूस गुदमरून गेल्याची बातमी अजून छापून येते. प्लंबर जाता जाता एक गोष्ट सांगून गेला होता. हा अंड्याचा वास थोडा असतो तोवर नाकाला कळतो. वायू फार झाला की नाकच बधिर होते, वास येईनासा होतो. टाकीत उतरलेल्याला वाटते, हवा सुधारली. आणि तिथेच तो संपतो. म्हणून उघड्या टाकीत वाकूनसुद्धा पाहू नये, मग आत उतरणे तर दूरच.

त्या रात्री मला वाटले, आमच्या नाकाचेही तसेच झाले होते. वर्षानुवर्षे दारात आलेल्या माणसाचे ओझे पाहूनही आम्हाला काही जाणवत नव्हते. आम्ही समजत होतो, हवा चांगली आहे.

आता रोज रात्री मी तांब्या घेऊन न्हाणीत जातो. सौ. पहिल्या दिवशी म्हणाली, “तुम्हीही लागलात का आईंसारखे करायला?” आता ती विसरलेल्या दिवशी आठवण करते. जूनमध्ये आठ दिवस गावाला गेलो, तेव्हा प्लंबरच्या सल्ल्याने पाण्यावर दोन चमचे तेल सोडून गेलो. तेलाचा थर पाणी लवकर उडू देत नाही. परत आलो तो खोलीला फक्त बंद खोलीचा वास होता.

यंदा चिरंजीव, सूनबाई आणि नातवंडे दिवाळीला येणार आहेत. त्यांना आईची खोली दिली आहे. नरकचतुर्दशीला पहाटे धाकट्या नातवाची अंघोळ त्याच न्हाणीत करायची, असे सौ.ने ठरवले आहे. उटणे आहे, मोती साबण आणला आहे. त्या दिवशी मोरीला पाणी घालायला मला जावे लागणार नाही. पण मुले परत गेली की त्या रात्रीपासून पुन्हा तांब्या उचलायचा आहे, हे मी आताच मनात पक्के करून ठेवले आहे.