युगांडाची ओळ

शिरड शहापूर, रविवार रात्र.

फाइलचं नाव न देता विम हा टेक्स्ट एडिटर उघडला की कोरा पडदा येतो आणि मधोमध काही ओळी. आज तिथे स्टार्टिफाय बसवलं. मार्को हिन्झ यांचं हे प्लगइन अलीकडे वापरलेल्या फाइलींची यादीच पुढ्यात मांडतं. प्रत्येकीच्या डावीकडे चौकटी कंसात आकडा. शून्य दाबलं की पहिली उघडते, ई दाबलं की नवी कोरी. रात्री काम अर्धवट टाकून झोपणाऱ्याला सकाळची शोधाशोध वाचते, हे केवढं सुख!

पण या यादीने विमचा मूळ पडदा झाकला जातो. युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, ही हाक त्यावरच असायची. विमचे निर्माते ब्राम मोलेनार १९९४ मध्ये तिथल्या किबाले बालकेंद्रात पाणी आणि स्वच्छतेचं काम करायला गेले होते. १९९१ पासून विम त्यांनी फुकट वाटला. आवडला तर त्या मुलांना काही द्या, एवढंच मागणं. ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले. औंढा नागनाथ तालुक्यातल्या या गावात बसून मी त्यांचा एडिटर रोज वापरतो, तो त्यांच्या या दिलदारपणामुळे. ती ओळ माझ्याकडून पुसली जावी, हे मनाला पटेना.

स्टार्टिफायमध्ये यादीच्या वर एक गाय आणि सुवचन येतं. तो मजकूर बदलता येतो. गाय काढली, तीच हाक मराठीत लिहिली. टर्मिनलमध्ये काही जोडाक्षरं फुटतात, तरी वाचता येतं. पुण्यातल्या धाकट्या भावालाही ही सेटिंग उद्या पाठवतो.