न दिसणारी उघडझाप

साडी घेताना आपण ती दुकानाच्या दाराशी नेऊन उन्हात पाहतो. तांदूळ घेताना दोन दाणे दाताखाली चावून बघतो. मॉनिटर घेताना मात्र पडदा किती मोठा आणि किंमत किती, एवढं विचारलं की झालं! ज्या वस्तूकडे रोज सहा-सात तास टक लावून पाहायचं, तिची पारख एवढ्यावर कशी व्हावी?

मी घरबसल्या मुद्रितशोधन करते. डोळे मुळातच हळवे. प्रवासात झाडांतून भराभर सरकणारी ऊन-सावलीसुद्धा मला सोसत नाही. घरात नवा मॉनिटर आला आणि दुपारपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊ लागलं. संध्याकाळी डोकं ठणकायचं, मळमळायचं. डॉक्टरांनी तपासलं. चष्म्याचा नंबर बरोबर, डोळ्यांचा दाबही ठीक. "पडद्याचा उजेड कमी ठेव," असं जो तो सांगे. उजेड कमी केला, तर त्रास वाढला! काम सोडावं की काय, असं वाटू लागलं. पण मुलांच्या शिकवणीची फी याच पैशांतून जायची.

शेवटी भाच्याने कोडं उलगडलं. "मावशी, तू उजेड कमी करतेस तेव्हा आतला दिवा मंद होत नाही. तो सारखा चालू-बंद होतो."

हे मला अगदी नवीन होतं. पडद्यामागे एलईडी दिवे असतात. उजेड कमी करण्यासाठी काही मॉनिटर ते दिवे सेकंदाला दोनशे-अडीचशे वेळा विझवतात आणि पेटवतात. उजेड जितका कमी, तितका विझलेला वेळ जास्त. इतकी जलद उघडझाप नजरेला दिसत नाही, पण काहींच्या डोळ्यांना आणि मेंदूला ती शिणवते. १९८९ साली ब्रिटनमध्ये एका कार्यालयातल्या ट्यूबलाइटबाबत असाच अभ्यास झाला होता. लुकलुक जवळजवळ नसलेले दिवे लावल्यावर कर्मचाऱ्यांची डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरी निम्म्याहून कमी झाला.

मग दुसरा मॉनिटर घ्यायला भाच्याला घेऊनच गेले. दुकानदार लगेच म्हणाला, "ताई, हा घ्या, १४४ हर्ट्झचा!" पण हर्ट्झचा हा आकडा चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते सांगतो. मागच्या दिव्याच्या लुकलुकीशी त्याचा संबंध नाही. आपण पाहायचं ते खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'फ्लिकर-फ्री' लिहिलं आहे का. जर्मनीच्या टीयूव्ही ऱ्हाइनलँडसारख्या संस्थेचं तसं प्रमाणपत्र असेल तर उत्तम.

तरी परीक्षा स्वतः घ्यावीच. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडायला सांगा आणि उजेड अगदी कमी करा. मग पडद्यासमोर पेन्सिल पंख्यासारखी जोरात हलवा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. एकाऐवजी सुट्या-सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर दिवा लुकलुकतो आहे. दुकानात लोक हसले तर हसू द्या! नवा मॉनिटर घेणं लगेच जमणारं नसेल, तर आहे त्याचा उजेड पूर्ण ठेवून खोलीत चांगला प्रकाश करा. पुष्कळ मॉनिटर पूर्ण उजेडात लुकलुकत नाहीत.

मॉनिटर बदलला म्हणून बाकीची पथ्यं सुटत नाहीत. पडदा हातभर लांब हवा, खिडकीची तिरीप त्यावर नको. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावं आणि आठवणीने पापण्या मिटाव्यात. आणि डोकं दुखतंय म्हणजे दोष पडद्याचाच, असं धरून चालू नये. आधी डॉक्टर, मग दुकान.

माझी डोकेदुखी कायमची गेली, असं मी म्हणणार नाही. पण आता संध्याकाळी पुरावे वाचून झाल्यावर स्वयंपाकघरात उभं राहण्याइतकं त्राण उरतं. घरात कुणी "पडद्याकडे बघवत नाही" म्हणालं, तर ते कामाचा कंटाळा म्हणून उडवून लावू नका. एकदा पेन्सिल हलवून पाहा.