गुरुवारचा खेळाडू

फुटबॉलमधले मला फारसे कळते अशातला भाग नाही. मी मराठीचा प्राध्यापक. 'ऑफसाइड' म्हणजे काय हे आजवर तीन जणांनी मला समजावून सांगितले. तिघांचेही म्हणणे मला त्या त्या वेळी पटले, आणि तिघांचेही म्हणणे निरनिराळे होते. तरीसुद्धा ९ ऑक्टोबर २०१७ ची रात्र माझ्या पक्की ध्यानात आहे. सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा त्या वर्षी प्रथमच आपल्या देशात भरली होती, आणि दिल्लीच्या मैदानावर आपली पोरे कोलंबियाशी खेळत होती. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. झोपेची वेळ टळून गेली तरी तो माझ्या मांडीवर ठाण मांडून बसला होता.

कोलंबियाचा एक गोल झालेला होता. खेळ संपायला आठेक मिनिटे उरली असताना मणिपूरच्या जीक्सन सिंगने कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूला डोके लावले, आणि चेंडू जाळ्यात गेला. विश्वचषकाच्या स्पर्धेत, मग ती कोणत्याही वयाची असो, भारताने केलेला तो पहिला गोल! चिरंजीव मांडीवरून उडी मारून ओरडले, "बाबा, आपण जिंकलो?" "नाही रे, बरोबरी झाली," असे मी म्हणतो न म्हणतो तोच कोलंबियाच्या पेन्यालोसाने दुसरा गोल चढविला. आमची बरोबरी मिनिटभर टिकली.

तुम्ही म्हणाल, हरल्याचे एवढे काय कौतुक? मलाही तसेच वाटले असते. पण त्या एका मिनिटाचा अर्थ मला पुढे एका विद्यार्थ्याने शिकविला. त्याचे नाव मी सांगत नाही. आमच्या कॉलेजच्या हजेरीपटावर त्याचा क्रमांक ४७ होता, तेवढे पुरे.

आमचे पिंपरी-चिंचवड हे पोटामागे आलेल्या माणसांचे गाव आहे. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला, मागोमाग मोटारींचे आले, स्कूटरचे आले, आणि गेल्या वीसपंचवीस वर्षांत ही रांग चाकणच्या माळापर्यंत जाऊन पोहोचली. माझे वडील इथे फिटर म्हणून आले. आता लातूर, नांदेड, बीड, यवतमाळकडून माणसे येतात, आणि त्यांची मुले माझ्या वर्गात बसतात. बसतात म्हणजे, काही जण झोपतात. ४७ क्रमांक त्यांतलाच. मी कविता रंगात येऊन शिकवावी आणि शेवटच्या बाकावर त्याची मान हळूहळू वहीवर टेकावी, असा आमचा नेम ठरून गेला होता. कवीचा अपमान मी सहन केला असता. पण मलाही थोडा अभिमान आहे. एके दिवशी मी त्याला तासानंतर थांबवून घेतले.

"काय रे, रात्री करतोस काय?"

"नाईट असते सर. चाकणला. सकाळी गाडीतून उतरून थेट इकडेच येतो."

"मग तासाला बसू नकोस. घरी जाऊन झोप."

"झोपलो असतो सर, पण संध्याकाळी प्रॅक्टिस असते."

कसली प्रॅक्टिस म्हणून मी विचारले, आणि त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच जाग दिसली.

त्या संध्याकाळी मी त्याचा खेळ पाहायला गेलो. मैदान कसले, दोन सोसायट्यांच्या मधला एक मोकळा भूखंड! एका अंगाला क्रिकेटच्या चार जोड्या, दुसऱ्या अंगाला कुणाच्या तरी लग्नाच्या मांडवाचे बांबू, आणि मधल्या पट्टीत चपलांचे ढीग मांडून केलेले गोल. वर्गात पेंगणारा माझा विद्यार्थी तिथे ओळखू येईना. चेंडू पायाशी आला की तो एक क्षण थांबे, आणि त्या क्षणात समोरची दोन पोरे चुकीच्या बाजूला धावून गेलेली असत. कवितेतला यती मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. तो पायाने घेतलेला मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

घरी येऊन मी या विषयाचे वाचन सुरू केले. प्राध्यापकाला दुसरे येते काय? कोलंबियाच्या उत्तर टोकाला ला ग्वाहिरा नावाचा रखरखीत प्रांत आहे. तिथल्या बारांकास गावाजवळ कोळशाची प्रचंड खाण आहे. त्या गावात वायुऊ या आदिवासी जमातीतला लुईस दियास वाढला. पहिले धडे त्याला बापानेच दिले. २०१५ साली चिलीमध्ये आदिवासी संघांची स्पर्धा झाली, तीत तो कोलंबियाकडून खेळला आणि जाणकारांच्या नजरेत भरला. पण अंगाने इतका किडकिडीत की, बारांकिया शहरातल्या क्लबने आधी त्याचे वजन वाढविण्याचे काम हाती घेतले. तोच मुलगा २०२२ च्या जानेवारीत लिव्हरपूलला गेला आणि २०२५ साली बायर्न म्युनिकला. ही गोष्ट वाचून मला त्याच्या गोलांपेक्षा त्या जेवणाचे अप्रूप वाटले. कुणीतरी पाहिले, कुणीतरी खाऊ घातले, आणि ज्याने खाऊ घातले तो क्लब उद्या बंद पडला नाही. गुणी मुलाला एवढ्या तीन गोष्टी लागतात.

आपल्याकडे तिसरीच गोष्ट हुकते. पुणे शहराने बारा वर्षांत चार मोठे क्लब पाहिले. २००७ साली पुणे एफसी निघाला. मग एकच हंगाम खेळून गेलेला भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, आणि २०१४ साली निघालेला एफसी पुणे सिटी. २०१९ साली शेवटच्यानेही गाशा गुंडाळला, आणि त्याची स्पर्धेतली जागा हैदराबादच्या क्लबकडे गेली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००६ साली राष्ट्रीय साखळीचा विजेता होता. २०१० साली तोही थांबला. त्या कंपनीच्या गाड्या आज चाकणहून देशभर जातात. संघ मात्र उरला नाही. क्लब बुडाला की मालकाचा पैसा बुडतो, हे खरे. पण बारा-चौदा वर्षांच्या ज्या पोरांनी त्या क्लबच्या भरवशावर शाळेचा अभ्यास मागे टाकलेला असतो, त्यांच्या वर्षांची भरपाई कोण करतो?

याच्या उलट कोल्हापूर पाहा. तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ आहेत. ते कुणा मालकाचे नाहीत, पेठेचे आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की अवघी पेठ लोटते, आणि हरलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो, कारण पेठ कुठे जात नाही. २०१७ च्या त्या भारतीय संघात अनिकेत जाधव होता, तो याच कोल्हापूरचा, एका रिक्षाचालकाचा मुलगा. पुढे तो पुण्याच्या बालेवाडीतल्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला. गंमत अशी, की पुण्याची जागा घेतलेल्या हैदराबादच्या क्लबने २०२२ साली देशातली साखळी जिंकली, तेव्हा अनिकेत त्यांच्याच संघात होता. कोल्हापूरने बी पेरले, पुण्याने रोप वाढविले, आणि फळ हैदराबादच्या टोपलीत पडले.

आमच्या गावठाणात कुस्तीच्या तालमी आहेत, जत्रेत फड रंगतात. पण नांदेडहून आलेल्या माणसाला इथे पेठ नाही. त्याला खोली असते, शिफ्ट असते, आणि सुट्टी असते. तीही गुरुवारी! बाहेरच्या वाचकांना हे ठाऊक नसेल. आमच्याकडे बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळे जग रविवारी खेळते आणि आमचा कामगार गुरुवारी मोकळा होतो.

गेल्या वर्षी मुंबईच्या एका क्लबची निवडचाचणी ठरली. अर्थात रविवारी. ४७ क्रमांकाला बोलावणे आले. त्याच आठवड्यात त्याला कायम करण्याची बोलणी कंपनीत चालली होती. त्याने माझ्याकडे येऊन विचारले, "सर, काय करू?" मग मी त्याच्या वडिलांना भेटायला गेलो. मोशीच्या पलीकडे एका चाळीत दोन खोल्या. मी पाऊण तास बोललो. दियास सांगितला, अनिकेत सांगितला, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ चौथा आला होता आणि मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले होते, तेही सांगितले. वर्गात मी इतका चांगला क्वचितच बोललो असेन.

वडिलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सर, तुम्ही म्हणता ते खोटं नाही. लेकरू खेळतंय चांगलं, मला दिसतंय की. पण तिथं घेतलं नाही, अन् इथली जागा बी गेली, तर मग? मी कंत्राटी हाय. माझं काम कधी बंद होईल, सांगता येत नाही. तुमचा पोरगा असता तर तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हणालो, "पाठवला असता."

वाचकहो, हे वाक्य बोलताना मला जराही अडखळायला झाले नाही. दुसऱ्याच्या मुलासाठी धाडस करायला फारसे बळ लागत नाही.

४७ क्रमांक त्या रविवारी मुंबईला गेला नाही. रजा मिळाली नाही, एवढेच तो म्हणाला. मागितली होती का, हे मी विचारले नाही. पुढे तो कायम झाला. त्याने पेढे आणले, आणि ते मला गोड लागले नाहीत.

यानंतर दोन महिन्यांनी चिरंजीव एक अर्ज घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. आता ते आठवीत आहेत. एका निवासी क्रीडासंस्थेची चाचणी होती. शाळेतल्या शिक्षकांनी त्याचे नाव सुचविले होते. खाली पालकांची सही हवी होती.

"बाबा, सही."

"बघू," मी म्हणालो. "दहावी होऊ दे."

"दहावीनंतर घेत नाहीत हो!"

"मग इथेच खेळ की. राज्यपातळीवर खेळलास तर दहावीला सवलतीचे गुणही मिळतात."

तो काही न बोलता आत गेला. अर्ज मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवला. पोळ्या लाटता लाटता हिचे सगळे ऐकणे चाललेच होते. लाटणे न थांबवता ती म्हणाली, "अहो, मोशीला जाऊन तुम्ही पाऊण तास काय सांगून आलात, ते एकदा आम्हालाही सांगा ना."

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. त्यात काय छापले होते, ते मला आज आठवत नाही. आठवते ते एवढेच की, माझ्या दहावीच्या वर्षी माझ्या वडिलांनी माझे बूट माळ्यावर टाकले होते, आणि तेही "बघू"च म्हणाले होते. त्या माणसाजवळ निदान कारण होते. पगार तुटपुंजा होता. माझ्याजवळ प्राध्यापकाची नोकरी, स्वतःचा फ्लॅट आणि निवृत्तीची थोडीफार तरतूद आहे. मोशीच्या त्या बापाला भीती परवडत नव्हती, तरी ती खरी होती. माझी भीती परवडणारी होती, आणि म्हणूनच लाजिरवाणी.

तो आठवडा तसाच गेला. गुरुवारी संध्याकाळी मी चिरंजीवांना आणायला त्या भूखंडावर गेलो, तर मुलांच्या घोळक्यात शिट्टी घेऊन ४७ क्रमांक उभा! दर गुरुवारी तो पोरांना शिकवतो, हे मला तिथे कळले. पंधरावीस पोरे होती, दोघीतिघी मुलीही. चपलांच्या ढिगांच्या जागी आता त्याने कंपनीतल्या भंगारातून आणलेले पाइपचे खांब रोवले होते. पैसे घेत नव्हता. फक्त सराव संपल्यावर प्रत्येकाला एकेक उकडलेले अंडे, नाहीतर केळे, हा त्याचा दंडक. त्याचा खर्च पगारातून. बारांकियाच्या क्लबची गोष्ट मी त्याला कधी सांगितली होती, हे मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता.

चिरंजीवांनी त्याला विचारले, "दादा, तुम्ही रविवारी का नाही येत? आमची मॅच असते."

तो हसला. "अरे, रविवारी मी कामगार असतो. खेळाडू फक्त गुरुवारी."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, याचा अर्ज भरला का? हा डाव्या पायाने बघा कसा मारतो."

मी बघितले. मला फुटबॉलमधले कळत नाही, हे सुरुवातीलाच सांगितले आहे. पण चेंडू पायाशी आल्यावर मुलगा एक क्षण थांबला, आणि समोरचा पोरगा चुकीच्या बाजूला धावला, एवढे मला दिसले.

रात्री उत्तरपत्रिकांच्या खालून अर्ज काढून मी सही केली. मुलाची निवड होईल, न होईल. झाली तरी ज्या शिडीवर तो चढायचा, तिच्या पायऱ्या किती पक्क्या आहेत, हे मी पाहतोच आहे. २०२५ च्या जुलैत देशातली सर्वांत मोठी साखळी स्पर्धाच बेमुदत पुढे ढकलली गेली होती. सही करताना हात थोडा थरथरलाही. पण बरोबरी मिनिटभरच टिकणार असली, तरी ती आधी व्हायला तर हवी!

सही झाल्यावर हिने अर्ज उचलून वाचला, घडी करून दप्तरात ठेवला, आणि म्हणाली, "उद्यापासून एक अंडे जास्त आणा."