पाच मिलिमीटरचं भोक

गेल्या शनिवारी मी बाबांचा टॅप मोडला. नळ नव्हे हो, आटे पाडायचा टॅप! बाबा भोसरीतल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, त्यांच्या पेटीतला एम ६ चा तीनचा सेट. त्यातला पहिला गेला.

झालं असं की महिन्यापूर्वी बाबा बाथरूममध्ये घसरले. मोडलं काही नाही, पण आई घाबरली. म्हटलं, धरायला एक हँडल लावू. बाबांचं म्हणणं, "मला कशाला? मी काय म्हातारा झालोय?" तरी मी ८ मिमी जाड लोखंडी पट्टी कापून आणली. तिच्यात आटे पाडायचे आणि हँडल बोल्टनं आवळायचं, एवढंच काम.

आता माझं डोकं कसं चाललं बघा. बाबांचं सगळं वजन यावर येणार, म्हणजे आटे भरपूर हवेत. भोक जितकं बारीक तितके आटे खोल, तितकं मजबूत. म्हणून मारलं ४.५ मिमीचं भोक. टॅप दोन फेरे गेला, अडला. मी जोर लावला आणि... कट्ट! तुकडा आतच. तो हायस्पीड स्टीलचा, साध्या ड्रिलला थोडीच दाद देणार!

बाबा चिडतील वाटलं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, "भोक कितीचं?" सांगितल्यावर कपाळाला हात लावला. "अरे, टॅपचा गाभाच त्याहून जाड असतो. तो जाणार कुठे?"

मग हिशेब. बोल्टच्या मापातून पिच वजा करायचा, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. एम ६ चा पिच १ मिमी, म्हणून भोक ५ चं. त्यात आट्यांची पूर्ण उंची मिळत नाही, साधारण ७७ टक्के मिळते, आणि तेवढी पुरते. आणखी बारीक केलं तर ताकद किंचित वाढते, टॅपवरचा जोर मात्र भलताच वाढतो. उलट ५.५ केलं तर निम्मेही आटे उरत नाहीत.

"आणि ही पट्टी ८ ची आहे," बाबा म्हणाले, "आधी बोल्ट तुटेल, आटे नाही. एम ८ ला किती?"

"पिच सव्वा.. म्हणजे पावणेसात."

"बाजारात ६.८ मिळतं. चालतं."

(इंजिनिअरिंगला फिटिंगचा जॉब मी मित्राकडून घासून घेतला होता. हे बाबांना अजून माहीत नाही.)

शेजारी ५ चं नवीन भोक मारलं. दुसऱ्या नंबरच्या टॅपनं सुरुवात करणं तसं बरोबर नाही, पण बाबांनी तो गुण्यात काटकोनात धरून लावून दिला. तेलाचे दोन थेंब, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे चुरा तुटून पडतो. जोर लावावाच लागला नाही.

रविवारी हँडल बसलं. बाबांनी दोन्ही हातांनी धरून दोनदा जोरात हिसका दिला, वाकून बोल्ट पाहिला आणि म्हणाले, "स्प्रिंग वॉशर कुठाय?"